स्फटिक रेडिओ ग्राही : जुन्या संचांचा संग्रह व श्रवण

स्फटिक रेडिओ ग्राही : विद्युत् घटमाला किंवा घरगुती विद्युत् पुरवठा यांचा आधार न घेता, आकाशकाने (एरियलने) पकडलेल्या रेडिओ तरंगांतील ऊर्जेवरच चालणाऱ्या व अभिज्ञानासाठी एखाद्या खनिजाचा स्फटिक वापरणाऱ्या साध्या रेडिओ ग्राहीस स्फटिक रेडिओ ग्राही म्हणतात. बोलीत तो ‘क्रिस्टल सेट’ या नावाने परिचित आहे. १९२० ते १९३० या दशकात यूरोप व अमेरिकेतील लक्षावधी घरांत रेडिओचा प्रवेश या संचाद्वारेच झाला. पुढे इलेक्ट्रॉन नलिकांच्या ग्राहींनी त्याची जागा घेतली आणि तो अडगळीत गेला. त्या काळातील संच शोधून काढणे, त्यांची निगा राखणे व त्यांवर प्रत्यक्ष प्रसारण ऐकणे हा आता अनेक देशांत एक अभ्यासपूर्ण छंद बनला आहे.

या छंदाचे एक वैशिष्ट्य प्रारंभीच लक्षात घ्यावयास हवे. जुने घड्याळ किल्ली दिली की चालते, जुना फोनोग्राफ तबकडी ठेवली की वाजतो. त्यांना चालविणारे बळ मालकाच्या हाती असते. स्फटिक ग्राहीचे तसे नाही. त्याच्या श्रवणयंत्रातून उमटणारा प्रत्येक सूक्ष्म ध्वनी दूरच्या प्रेषकाने खर्च केलेल्या शक्तीचा अंश असतो. संच कितीही सुस्थितीत असला, तरी त्याला योग्य असे प्रसारण चालू नसेल, तर तो मुका राहतो.

ऐतिहासिक आढावा : धातूचे टोक काही खनिजांवर टेकविले असता त्या संधीतून विद्युत् प्रवाह एका दिशेने सुलभतेने व उलट दिशेने अडखळत वाहतो, असे कार्ल फेर्डिनांट ब्राउन या जर्मन भौतिकीविज्ञांना १८७४ मध्ये आढळले. त्या वेळी या शोधाला व्यावहारिक उपयोग नव्हता. रेडिओ तरंगांच्या अभिज्ञानासाठी गॅलेना (शिशाचे सल्फाइड) या खनिजाचा उपयोग जगदीशचंद्र बोस यांनी केला. त्यासाठी त्यांच्या नावे १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर १९०४ मध्ये अमेरिकेचे एकस्व (पेटंट) मंजूर झाले. अर्धसंवाहक प्रयुक्तीच्या सर्वांत जुन्या एकस्वांत त्याची गणना होते. १९०६ मध्ये एच. एच. सी. डनवुडी यांनी कार्बोरंडमाचा व ग्रीनलीफ व्हिटिअर पिकर्ड यांनी सिलिकॉनाचा अभिज्ञातक तयार केला. पिकर्ड यांनी हजारो खनिजजोड्या तपासल्या. झिंकाइट व तांब्याचे एखादे सल्फाइड खनिज यांच्या संपर्कावर आधारलेला त्यांचा ‘पेरिकॉन’ अभिज्ञातक जहाजांवरील बिनतारी संदेशवहनात बराच वापरला गेला. गॅलेनाच्या मानाने तो कमी संवेदनशील. पण हादऱ्यांनी चटकन न बिघडणारा होता.

हे सर्व संदेशवहनाच्या, म्हणजे टिंब-रेषांच्या युगातील होय. सर्वसामान्यांसाठी ध्वनिप्रसारण सुरू झाल्यावर मात्र चित्र पालटले. अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने नोव्हेंबर १९२० मध्ये प्रसारण सुरू केले. पुढील वर्षी वेस्टिंगहाउस कंपनीने ‘एरिओला ज्युनिअर’ हा स्फटिक संच बाजारात आणला. ज्यांना तो परवडत नसे त्यांच्यासाठी अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने १९२२ मध्ये घरच्या घरी ग्राही कसा बांधावा याची पुस्तिका काढली. पुठ्ठ्याच्या गोल डब्यावर तार गुंडाळून केलेले वेटोळे हे अशा संचांचे वैशिष्ट्य होय.

रचना व कार्य : ग्राहीचे मुख्य भाग पाच : आकाशक व भूसंपर्क, वेटोळे, धारित्र, अभिज्ञातक व श्रवणयंत्र (हेडफोन). आकाशकात अनेक प्रेषकांच्या तरंगांमुळे एकाच वेळी प्रत्यावर्ती विद्युत् दाब प्रवर्तित होतात. वेटोळे व धारित्र यांचे मेलित मंडल यांपैकी एका विशिष्ट कंप्रतेला अनुस्पंदित होते व ती कंप्रता इतरांहून प्रबळ होते. वेटोळ्यावर सरकणारी पट्टी, अनेक टप्प्यांची कळ, एकात एक फिरणारी दोन वेटोळी किंवा बदलते धारित्र यांपैकी कोणत्याही साधनाने हे मेलन करता येते. जुन्या संचांत यांपैकी कोणते साधन आहे, यावरून त्यांचे प्रकार पाडण्याची पद्धत संग्राहकांत रूढ आहे.

अशा रीतीने निवडलेल्या वाहक तरंगाचा परमप्रसर ध्वनीनुसार कमीजास्त होत असतो. तथापि तो दोन्ही बाजूंना सारखाच होत असल्याने त्याची सरासरी शून्य येते व श्रवणयंत्राचा पडदा हालत नाही. स्फटिक एका बाजूचा अर्धा भाग गाळून टाकतो. उरलेल्या प्रवाहाची सरासरी ध्वनीच्या चढउताराप्रमाणे बदलते व पडदा कंप पावू लागतो. येथे विवर्धन मुळीच नसते. सुस्तब्ध खोलीत संवेदनशील श्रवणयंत्रातून बोलणे जेमतेम कळण्यास वॉटाच्या अब्जांश भागांत मोजावी लागणारी शक्ती पुरते. मानवी कानाच्या या विलक्षण क्षमतेमुळेच स्फटिक ग्राही शक्य झाला, असे म्हणता येईल.

अभिज्ञातकाची रचना वरकरणी साधी दिसते. धातूच्या लहान वाटीत गॅलेनाचा चकचकीत तुकडा बसविलेला असतो व त्यावर ‘मांजराची मिशी’ या नावाने ओळखली जाणारी बारीक, लवचिक तार हलकेच टेकलेली असते. स्फटिकाचा सर्वच पृष्ठभाग सारखा संवेदनशील नसतो. तार इकडेतिकडे टेकवून चांगला बिंदू शोधावा लागतो आणि दार आपटले, टेबलाला धक्का लागला की तो निसटतो. काही संचांत यासाठी एक लहान गुणगुणी (बझर) बसविलेली असे. तिच्या ठिणगीतून निघणाऱ्या क्षीण तरंगांवर बिंदू आधी नक्की करून घेत व मगच प्रसारणाकडे वळत. प्रसारण खंडित झाले आहे की स्फटिक रुसला आहे, हा प्रश्न तेव्हाच्या श्रोत्याला नित्याचा होता.

ब्रिटनमधील संच : संग्राहकांच्या दृष्टीने ब्रिटनमधील १९२२ ते १९२७ या काळातील संच विशेष महत्त्वाचे आहेत, कारण तेथे संचाबरोबर त्याचा सरकारी दाखलाही टिकून राहिला आहे. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीने १४ नोव्हेंबर १९२२ रोजी लंडनहून नियमित प्रसारण सुरू केले. श्रोत्याला वर्षाला १० शिलिंगांचा परवाना टपाल कार्यालयातून घ्यावा लागे. विकल्या जाणाऱ्या संचावर ‘बीबीसी’ ही अक्षरे असलेली वर्तुळाकार मुद्रा व पोस्टमास्तर जनरलच्या मान्यतेचा क्रमांक असणे आवश्यक होते. स्फटिक संचामागे कंपनीला ७ शिलिंग ६ पेन्स स्वामित्वशुल्क मिळे व ते अर्थातच ग्राहकाच्या खिशातून जाई. ही पद्धत १९२४ मध्ये संपुष्टात आली. म्हणून मुद्रा असलेला संच साधारणतः दोन वर्षांच्या अवधीत निश्चित करता येतो. जुन्या वस्तूंच्या व्यापारात इतकी नेमकी खूण क्वचितच मिळते.

आकाशकाची लांबी १०० फुटांहून (सु. ३० मी.) अधिक नसावी, असाही निर्बंध होता. परसातील खांबापासून खिडकीपर्यंत ताणलेली तार ही त्या वर्षांतील ब्रिटिश वस्त्यांची ओळखच बनली. परवान्यांची संख्या १९२४ च्या अखेरीस १० लाखांपलीकडे गेली. जुलै १९२५ मध्ये डॅव्हेंट्री येथील २५ किलोवॉट शक्तीचा दीर्घ तरंग प्रेषक १,६०० मी. तरंगलांबीवर सुरू झाला. शहरातील केंद्रांपासून दूर राहणाऱ्या व नलिकेचा संच न परवडणाऱ्या कुटुंबांना स्फटिकावर प्रसारण ऐकता यावे, हा त्यामागील एक स्पष्ट हेतू होता. स्वस्त संचाच्या दुर्बळतेची भरपाई प्रेषकाच्या शक्तीने करण्याचे हे धोरण होते.

कारखान्यांतील संचांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा महोगनी पेटीतील ‘जेकोफोन’, बर्नडेप्टचे ‘इथोफोन’, मार्कोनीफोनचे स्फटिक संच आणि साच्यात घडविलेला, कमी किंमतीचा ‘ब्राउनी’ ही नावे वारंवार आढळतात. केनमॅक कंपनीचा पुस्तकाच्या आकाराचा ‘द लिसनर’ हा संच कुतूहलाचा विषय असून संग्राहकांची त्याला मोठी मागणी असते. प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने मात्र अशा शोभिवंत संचांपाशीच थांबणे योग्य नव्हे. त्या काळातील असंख्य संच घरी बांधलेले होते. सिगारेटच्या पेटीत बसविलेले, शाळकरी मुलाच्या हस्ताक्षरात खुणा असलेले हे संच बाजारात नगण्य किंमतीला जातात व त्यामुळे फेकलेही जातात. परंतु रेडिओ सामान्य माणसापर्यंत कसा पोहोचला, याची साक्ष ते कंपन्यांच्या संचांहून अधिक प्रामाणिकपणे देतात.

श्रवणाची रीत : स्फटिक ग्राहीवरील श्रवण एकाग्रतेची मागणी करते. जोडीच्या श्रवणयंत्राची एकेक बाजू सुटी करून दोघे ऐकत. अधिक माणसे असल्यास श्रवणयंत्र मोठ्या वाडग्यात ठेवून त्याभोवती डोकी जमवीत. घरातील बाकीच्यांनी गप्प बसावे लागे. जुन्या श्रवणयंत्रांत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असून जोडीचा रोध बहुधा ४,००० ओहम असतो. आजच्या संगीताच्या साधनांबरोबर मिळणारी ३२ ओहम संरोधाची श्रवणयंत्रे सरळ जोडल्यास मंडलावर इतका भार पडतो, की काहीच ऐकू येत नाही. मधे जुळणीचा रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) घालावा लागतो. नवोदिताचा पहिला अपेक्षाभंग बहुधा येथेच होतो व दोष मात्र बिचाऱ्या स्फटिकाला दिला जातो.

दिवसा संचावर जवळचे एकदोन प्रबळ प्रेषकच मिळतात. सूर्यास्तानंतर आयनांबरातील खालचा, तरंग शोषणारा थर विरतो व शेकडो किमी. अंतरावरील मध्यम तरंग केंद्रे परावर्तनाने येऊ लागतात. उत्तम वेटोळी व लांब आकाशक यांच्या साहाय्याने ती टिपण्याची स्पर्धा काही छांदिष्टांत चालते. जवळचे प्रबळ केंद्र इतर सर्वांवर स्वार होणे, म्हणजेच अपुरी निवडक्षमता, हा या ग्राहीचा उपजत दोष आहे. तो कमी करण्यासाठी नको असलेल्या कंप्रतेला मेलित केलेले स्वतंत्र मंडल आकाशकात घालतात. पावसाळ्यात बाहेरील आकाशक विजेच्या दृष्टीने धोकादायक असतो. तो वापरात नसताना भूसंपर्काला जोडण्याची कळ जुन्या संचांबरोबर मिळत असे. वादळाची चिन्हे दिसताच श्रवण बंद करणे हा त्या काळचा नियम आजही तितकाच लागू आहे.

परीक्षण व जतन : जुन्या संचाचा दर्शनी पट्ट बहुधा एबोनाइटाचा, म्हणजे रबर व गंधक यांपासून केलेला असतो. प्रकाश व दमटपणा यांमुळे पृष्ठभागावरील गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन काळा पट्ट तपकिरी-हिरवट पडतो व त्यावर अम्लाचा अतिसूक्ष्म थर जमतो. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. तो थर काही अंशी विद्युत् संवाहक असल्याने मुळात तुटपुंजी असलेली ऊर्जा पट्टावरूनच झिरपून जाते, शिवाय पितळी अग्रांना कळंक चढतो. पट्ट गरम पाण्याने धुतल्यास हानी वाढते. मऊ कोरड्या कापडाने पुसणे व संच प्रकाशापासून दूर ठेवणे एवढेच सामान्यतः पुरेसे असते. पट्ट घासून पुन्हा काळा करण्याची प्रथा आहे. पण त्यात कोरलेली अक्षरे व मान्यतेची मुद्रा पुसट होते, हे विसरता कामा नये.

गॅलेनाला बोट लावू नये. त्वचेवरील स्निग्धांशाने त्याची संवेदनशीलता जाते. मळलेला तुकडा मद्यार्काने स्वच्छ करता येतो किंवा फोडून नवा पृष्ठभाग मिळविता येतो. गॅलेनात शिसे असल्याने असे काम केल्यावर हात धुणे आवश्यक असते. वाटीत तो पुन्हा बसविताना नेहमीचे डाखकाम चालत नाही, कारण त्या उष्णतेने स्फटिक निकामी होतो. अत्यंत कमी तापमानास वितळणारी मिश्रधातू वापरावी लागते.

श्रवणयंत्रातील कायम चुंबक कालांतराने क्षीण होतात, तर आतील बारीक तार अम्लाने वा बुरशीने तुटते. नंतरच्या काळातील स्फटिक कर्णयंत्रांत रोशेल लवणाचा स्फटिक असतो. दमट हवेत तो विरघळून जातो. कोकणपट्टीतील एखादा पावसाळा त्यास पुरतो. वेटोळ्यावरील कापसाचे आवेष्टन असलेली तार पुन्हा गुंडाळण्याचा मोह शक्यतो टाळावा. मूळ वेढ्यांची संख्या व टप्पे हे संच कोणत्या तरंगलांब्यांसाठी बांधला होता, याचा एकमेव पुरावा असतो.

संग्राहकांतील खरा वाद स्फटिक बदलण्यासंबंधी आहे. १९४६ पासून बाजारात आलेला जर्मेनियम द्विप्रस्थ (डायोड) हा मांजराच्या मिशीचाच काचेत बंद केलेला वंशज होय. १९६० नंतरच्या दोन दशकांत भारतातील छांदिष्टांनी बांधलेल्या संचांत ‘ओए ७९’ हा द्विप्रस्थ सर्रास आढळतो. जुन्या संचात तो मागील बाजूस जोडून टाकला की बिंदू शोधण्याची कटकट उरत नाही. संच दाखवायचा असेल तर ही सोय समजण्यासारखी आहे, आणि मूळ अग्रे न तोडता ती केल्यास हानीही होत नाही. तथापि मूळ अभिज्ञातक काढून टाकून केलेला बदल हा दुरुस्ती या सदरात बसत नाही. असा संच वाजतो खरा, पण १९२३ सालचा श्रोता काय ऐकत होता व त्यासाठी किती खटपट करीत होता, हे त्यावरून कळत नाही. [⟶ अर्धसंवाहक; रेडिओ ग्राही].

बनावट संचांचाही सुळसुळाट आहे. सुटे भाग खरे, पेटी नवी, मुद्रा दुसऱ्याच संचावरची, असे प्रकार आढळतात. पेटीच्या आतील बाजूस लाकडाचा रंग, स्क्रूच्या खाचा व तारांची डाखजोड सारख्याच वयाची दिसते का, हे पाहणे उपयुक्त ठरते. अमेरिकेतील अँटिक वायरलेस असोसिएशन (स्थापना १९५२) व ब्रिटिश व्हिंटेज वायरलेस सोसायटी (स्थापना १९७६) या संस्थांनी अशा संचांविषयीच्या माहितीच्या संकलनास व आदानप्रदानास चालना दिली आहे.

भारतातील स्थिती : मुंबईत हौशी रेडिओ मंडळाचे प्रसारण १९२३ मध्ये झाले होते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते झाले. मुंबई व कलकत्ता येथील प्रेषकांची शक्ती प्रत्येकी १·५ किलोवॉट होती. त्यामुळे स्फटिकावर ऐकणे शहर व त्याच्या आसपासच शक्य होते. कंपनी १९३० मध्ये बुडाली. श्रोत्यांची अल्प संख्या, आयात केलेल्या संचांच्या किंमती व आपल्या हवेतील वीज-वादळांचा खरखराट यांमुळे ब्रिटनसारखी स्फटिक संचांची लाट येथे आली नाही. म्हणून त्या दशकातील संच भारतात दुर्मिळ आहेत. आढळतात ते बहुतेक पुढील काळात विद्यार्थ्यांनी व छांदिष्टांनी बांधलेले. भौतिकीच्या प्रात्यक्षिकांसाठी शाळांतून ते अनेक वर्षे बांधले जात.

युद्धकाळाचाही येथे उल्लेख करणे अवश्य आहे. १९४४ मध्ये इटलीतील आंत्स्यो येथे अडकून पडलेल्या अमेरिकन सैनिकांनी दाढीचे पाते व त्यावर टेकवलेले टोक यांचा अभिज्ञातक म्हणून उपयोग करून प्रसारण ऐकले. असे मूळ संच फार थोडे उरले आहेत, कारण ते जपण्यासाठी कोणी बांधलेच नव्हते.

प्रसारण बंद होण्याचा प्रश्न : स्फटिक ग्राही परमप्रसर विरूपित तरंगच ऐकवू शकतो. अंकीय (डिजिटल) प्रसारण त्याला उलगडत नाही व कंप्रता विरूपित (एफएम) प्रसारण विशेष रचनेवाचून मिळत नाही. परमप्रसर विरूपित प्रेषकांचा वीजखर्च मोठा व श्रोते घटलेले, यामुळे यूरोपातील प्रसारण संस्थांनी ते एकामागून एक बंद केले. स्वित्झर्लंडमधील बेरोम्यूंस्टर येथील मध्यम तरंग प्रेषक डिसेंबर २००८ मध्ये बंद झाला. डॉइशलांडफुंक या जर्मन संस्थेने २०१४ च्या अखेरीस दीर्घ तरंग व २०१५ च्या अखेरीस मध्यम तरंग प्रसारण थांबविले. फ्रान्समधील आलूई येथून होणारे दीर्घ तरंग कार्यक्रम २०१६ च्या अखेरीस संपले, लक्सेंबर्गचे १ जानेवारी २०२३ रोजी व आयर्लंडचे त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपले. ब्रिटनमध्ये बीबीसीने दीर्घ तरंगावरील स्वतंत्र कार्यक्रम २०२४ मध्ये बंद केले. भारतात आकाशवाणीनेही अलीकडच्या वर्षांत काही जुने मध्यम तरंग प्रेषक बंद केले आहेत.

नलिकेच्या वा ट्रँझिस्टरच्या ग्राहीचा मालक अशा वेळी दूरच्या केंद्राकडे वळू शकतो, कारण त्याच्याजवळ विवर्धन असते. स्फटिक संचाला हा मार्ग रात्रीपुरता व तोही अनिश्चितपणे मोकळा असतो. जर्मनीतील किंवा स्वित्झर्लंडमधील संग्राहकाचा सुस्थितीतील संच यामुळे दिवसा पूर्णपणे नीरव झाला आहे. संग्रहालयांनी संच कपाटात जपून ठेवले, परंतु ते ज्यावर चालत होते ते प्रसारण जपणे कोणाच्याच कक्षेत नव्हते.

यावर उपाय म्हणून संग्राहक घरातल्या घरात अत्यल्प शक्तीचा प्रेषक वापरतात. अमेरिकेत मध्यम तरंग पट्ट्यात १०० मिलिवॉटपर्यंत निविष्ट शक्ती व ३ मी. पर्यंत आकाशक असल्यास परवान्याची गरज नसते. इतर देशांतील नियम भिन्न असून ते पाळावे लागतात. ध्वनिमुद्रित जुने कार्यक्रम अशा प्रेषकाला पुरवून संच ‘बोलता’ केला जातो. प्रदर्शनात अभ्यागताला कानाला लावून पाहण्यासाठी ही व्यवस्था उपयोगी पडते. मात्र तीत संचाचे वेटोळे प्रेषकाच्या शेजारी ठेवलेले असल्यामुळे आकाशक, भूसंपर्क, सूर्यास्त व हवामान यांचा काही संबंध उरत नाही आणि संचाच्या संवेदनशीलतेचे खरे परीक्षण होत नाही. ते करावयाचे झाल्यास प्रबळ मध्यम तरंग प्रेषक अद्याप चालू असलेल्या ठिकाणी संच न्यावा लागतो. काही संग्राहक त्यासाठी संच, ३० मी. तार व जमिनीत ठोकावयाचा तांब्याचा दांडा बरोबर घेऊन प्रवास करतात.